आमचें नवें नाक

दोन वर्षांपूर्वीं आमच्या डाव्या नाकपुडीच्या कांठावर मोत्यासारखी चकचकीत अशी एक पुळी उठली. यवतमाळ जिल्ह्यांतील ऊन ज्या वाचकांनीं सोसलें असेल त्यांस सांगावयास नको. उन्हाचाच हा प्रसाद, असें समजून आम्ही तिला हळद लावीत बसलों. ती खपली धरी, बरी झालीशी वाटे आणि पुन्हां वाहूं लागे. अखेर दारव्ह्याहून नागपुरास गेलों. तुकडा तपासून डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, हा त्वचेचा कर्करोग. सहसा दूर पसरत नाहीं; पण जागच्या जागीं पोखरीत जातो.” उन्हाचें आमचें निदान चुकलें नव्हतें; हळद चुकली होती.

रोग काढला, त्याबरोबर नाकपुडीचा कांठही गेला. तें खिंडार भरण्यास कपाळावरील कातडीची पट्टी वळवून खालीं आणली व भुंवईजवळचा तिचा देठ तीन आठवडे तसाच राखला. नव्या जागेंतून रक्त मिळूं लागेपर्यंत पट्टी त्या देठावरच जगते. (टक्कल असल्यामुळें नाकावर केंस उगवण्याचें संकट टळलें, हा आमच्या टकलाचा पहिलाच उपकार!) तंबाखूनें बारीक रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून ती वर्ज्य, असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. आम्हीं तिसऱ्या दिवशीं चोरून चिमूट तोंडांत टाकली. पांचव्या दिवशीं पट्टीची कड निळसर झाली, मग काळी पडली. कारण तेंच, असें डॉक्टर निश्चयानें म्हणाले नाहींत. सौभाग्यवतींनीं मात्र उशीखालची डबी काढून मुकाट्यानें समोर ठेवली.

जखम भरली, पण व्रण आखडून नाकपुडी आंत ओढली गेली. ती उघडी राहावी म्हणून मऊ नळी रात्रंदिवस घालावयाची होती. टोचते म्हणून आम्ही ती काढून ठेवीत असूं. उजवी नाकपुडी पडदा वांकडा असल्यामुळें मुळांतच अर्धी मिटलेली. ज्यानें एकतीस वर्षें मुलांकडून अनुनासिकें घोटून घेतलीं, त्याची सात वर्षांची नात एके सायंकाळीं रामरक्षा म्हणतां म्हणतां थांबून म्हणाली, “आजोबा, तुमच्या ‘राम’चा ‘राब’ होतो.” त्या दिवसापासून आम्हीं तिच्यासह म्हणणें सोडून दिलें.

लज्जेची गोष्ट अशी, कीं हें सारें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, सोळाव्या अध्यायांत, गालाची कातडी घेऊन नाक जोडण्याचा विधि आहे व त्यांत दोन नळ्या घालण्याची स्पष्ट आज्ञा आहे. टिपूशीं झालेल्या युद्धांत इंग्रजी सैन्यांतील कावसजी नामक गाडीवानाचें नाक कापलें गेलें. तें पुण्यास विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें १७९३ च्या सुमारास कपाळाच्याच कातडीनें उभारलें. काथाचा लेप, मग तुपांत भिजविलेलें कापड, दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ चिंध्या, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ तोडणें, हा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें छापला गेला आणि १८१४ मध्यें तेथील कार्प्यू या शल्यवैद्यानें तीच रीत उचलली. वर्गांत हें आम्हीं केवढ्या अभिमानानें सांगितलें होतें! त्या चिंध्या कशासाठीं, हें कोणा विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं आणि आम्हांसही सुचलें नाहीं.

पुढील महिन्यांत नाकपुडी रुंद करण्यासाठीं पुन्हां नागपुरास जावयाचें आहे. डबी सौभाग्यवतींच्या कुलपांत आहे. नळी आतां आम्ही काढीत नाहीं. नात निजण्यापूर्वीं रोज बोट लावून पाहून जाते.