हृदयाचे पुनर्वसन

‘पुनर्वसन’ हा शब्द आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणास शिकवावा लागत नाही. बेंबळा प्रकल्पात ज्यांची गावे गेली, त्यांच्या तोंडून तो आम्ही अनेकदा ऐकला आहे. भूखंड मिळाला, घर उभे राहिले, तरी ते गाव आपले वाटावयास वर्षे लागतात, हे त्यांचे म्हणणे आम्ही सहानुभूतीने ऐकत असू. समजत मात्र नसू. तो अर्थ गेल्या वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने आम्हास समजावून दिला.

आम्हास अमरावतीस नेण्यात आले, अडलेल्या रोहिणीत स्टेंट बसविण्यात आला, आणि काही दिवसांनी आम्ही नेर येथे आपल्या घरी परतलो. दुरुस्ती झाली होती. पण आमची अवस्था विस्थापितासारखी होती. ज्या देहात इतकी वर्षे निश्चिंतपणे राहिलो, तोच परका झाला होता. रात्री कुशीवर वळावे आणि छातीतले ठोके मोजीत पडावे, असा क्रम चालला. पाण्याचा तांब्या उचलला तरी सौभाग्यवती धावत येत. दिवाणखान्यातील पलंग हेच आमचे जग झाले.

एके काळी हाच उपचार शास्त्रसंमत होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रोग्यास कित्येक आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन व लाउन या डॉक्टरांनी रोग्यास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तेही धाडस ठरले. वास्तविक छातीच्या कळेचा एक रोगी रोज अर्धा तास लाकडे कापून जवळजवळ बरा झाल्याची नोंद हेबर्डेन या इंग्रज वैद्याने केली होती, व ती १८०२ साली छापलीही गेली. परंतु छापलेले सर्वच वाचले जाते असे नाही, हे प्राध्यापकास सांगणे नलगे.

आमची सुटका मात्र ग्रंथाने केली नाही. समाचार घेण्यास आलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “सर, बैल दुखण्यातून उठला म्हनजे त्याले एकदम वखराले जुंपत नाही जी. पन गोठ्यातच बांधून ठेवला, तं तो कायमचा बसते.” डॉक्टरांस विचारता त्यांनी आमची परीक्षा करून तेच सांगितले, फक्त मापून. प्रथम सपाटीवर पाच मिनिटे चालावे, मग थोडे थोडे वाढवीत अर्ध्या तासावर जावे. विदर्भातील ऊन चढण्यापूर्वी परतावे. छातीत दुखले वा घेरी आली की थांबावे. औषध चुकवू नये. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, हे वेगाचे माप. बोलणे हाच ज्याचा धंदा त्यास हे माप कितपत लागू, अशी शंका सौभाग्यवतींनी काढली. झटक्यानंतर घरातले ते पहिले हसू.

पुढे आमच्या वाचनात एक चाचणी आली. भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर ती झाली, व तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योगावर आधारलेल्या बारा आठवड्यांच्या पुनर्वसनाने मृत्यू वा पुन्हा झटका यांत निःसंशय घट दिसली नाही. परंतु रुग्णांस आपली प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि ते पूर्वीच्या व्यवहारांत अधिक परतले. कोणास हा लाभ किरकोळ वाटेल. आम्हास तो तसा वाटत नाही. कारण ज्यास जगण्याचे भय वाटते, त्यास केवळ आयुष्य वाढवून देणे म्हणजे भयाची मुदत वाढवून देणे होय.

सौभाग्यवती पहाटे आमच्यासोबत येत. जिभेखाली धरावयाची गोळी पदराच्या गाठीस असे, आणि दृष्टी रस्त्यावर नसून आमच्या चेहऱ्यावर असे. तिसऱ्या महिन्यातील एके दिवशी त्या कडेच्या शेतातील कपाशीची बोंडे पाहत, तुरीच्या डाळीच्या भावावर तावातावाने बोलत चालल्या होत्या. घराजवळ आल्यावर आमच्या ध्यानी आले की, आज त्यांनी आमच्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाही. गोळी पदरास होतीच. भय तेवढे वाटेत कोठेतरी राहिले होते. पुनर्वसन एकट्या आमचे व्हावयाचे नव्हते, हे त्या दिवशी आम्हास उमगले.