फळ्याचा फोटो

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, लेकीच्या शाळेनं एक चाचणी घेतली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ती व्हिज्युअल लर्नर आहे. म्हणजे तिला चित्रं बघूनच समजतं. मग मोठ्या स्क्रीनचा टॅब घेऊ का गं?"

मी म्हटलं, "टॅब घे नाहीतर नको घेऊस, पण त्या रिपोर्टावर जाऊ नकोस." ती थोडी खट्टू झाली. मावशी निवृत्त झाली आणि जुनाट पण झाली, असं वाटलं असणार तिला. कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. भाचीबाई, वाचा.

माझी बरीचशी नोकरी रे रोडला गेली. हार्बर लाइनवर माझगाव आणि कॉटन ग्रीन यांच्या मधला हा भाग. लॉर्ड रे नावाचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव. स्टेशनाबाहेर पडलं की लाकडाच्या वखारी, ट्रक, आणि पलीकडे दारूखाना. (नवीन वाचकांसाठी : ही दारू तोफेची, प्यायची नव्हे!) जुनी जहाजं तोडून निघालेलं सामान तिथे विकायला असतं. साखळदंड, नांगर, बॉयलरचे तुकडे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील याच धंद्यात.

साधारण २०१४-१५ ची गोष्ट. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला, थोडे टॅब आले. त्याच सुमारास आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तिथे सांगितलं, मुलं तीन प्रकारची असतात. बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हातानं करून शिकणारी. प्रत्येकाला त्याच्या पद्धतीनं शिकवा, तंत्रज्ञान त्यासाठीच आहे. मला ते इतकं पटलं म्हणून सांगू! दुसऱ्याच दिवशी हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं ब, ऐ किंवा ह असं लिहून टाकलं.

सहावीतला एक मुलगा 'ऐ'. शंभर टक्के 'ऐ'. फळ्यावरचं एक अक्षर उतरवून घेणार नाही, वही कोरी. पण तोंडी विचारा, सगळं धडाधड सांगणार. पुस्तकात नाक खुपसून पसरायचा, त्याला मी आळस म्हणायचे. त्याला मी टॅब आणि हेडफोन देऊन मागच्या बाकावर बसवलं. लिहिण्याची सक्ती सोडून दिली. पालकसभेत त्याच्या आईला कौतुकानं सांगितलं, "तुमचा मुलगा ऐकून शिकणारा आहे, लिहीत नाही म्हणून रागावू नका हं."

जवळजवळ दीड वर्ष असं चाललं.

सातवीत एकदा एक मुलगी तापानं गैरहजर होती. तिच्यासाठी मी माझ्या फोनवर फळ्याचा फोटो काढला. फोन टेबलावर होता. हा मुलगा आला, फोन उचलून डोळ्यांजवळ धरला आणि भराभरा वहीत उतरवायला लागला. दहा मिनिटांत सगळा फळा वहीत. मी विचारलं, "अरे, समोर फळ्यावर हेच आहे की! तेव्हा का नाही लिहिलंस?"

"फळ्यावर नुसतं पांढरं पांढरं दिसतं, बाई."

आपल्या बाईंना माहीतच असणार, अशा सुरात म्हणाला तो.

त्याला जे.जे.ला पाठवलं. मायनस साडेतीन नंबर निघाला. चष्मा लागला, पुढच्या बाकावर आला, आणि ऐकून शिकणारा मुलगा आठवड्याभरात बघून शिकणारा झाला. त्याची आई मात्र मला भेटायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणालात ना, तो असाच आहे म्हणून. नाहीतर आम्ही आधीच दाखवलं असतं." रागावली असती तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी घरी येऊन हजेरीच्या वहीतलं ब, ऐ, ह सगळं खोडून काढलं.

पुढे वाचताना कळलं की २००८ सालीच हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं सगळं संशोधन तपासलं होतं. मुलांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनाही मान्य. पण 'बघणाऱ्याला' दाखवून आणि 'ऐकणाऱ्याला' ऐकवून शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. बहुविध बुद्धिमत्तेवर १९८३ साली पुस्तक लिहिणारे हॉवर्ड गार्डनरही सांगतात की माझ्या सिद्धांताची आणि शिकण्याच्या शैलींची गल्लत करू नका. आम्ही मात्र प्रशिक्षणाहून ती गल्लत करूनच परतलो होतो!

मग तंत्रज्ञान वाया गेलं का? मुळीच नाही. फक्त वापर बदलला.

कप्पीचा धडा आठवतो. आधी प्रोजेक्टरवर छोटी फिल्म दाखवली, तीन ठिकाणी थांबवून विचारलं, "आता पुढे काय होईल?" एका मुलीचे वडील दारूखान्यात कामाला. त्यांनी दुकानातली चेनकप्पी आणून दिली. माझं वजन जेमतेम पेलेल अशा पोरीनं पोतंभर भंगार एकटीनं उचललं! मग सगळ्यांनी आकृती काढली, आणि शेवटी वजन तेवढंच असून जोर कमी का लागला, ते आपल्या शब्दांत लिहिलं. ज्यांना लिहिणं जड जायचं त्यांनी आधी टॅबवर बोलून रेकॉर्ड केलं, ते ऐकत ऐकत लिहिलं. बघणं, ऐकणं, करणं, लिहिणं सगळं सगळ्यांना. दोऱ्या जितक्या जास्त तितकं ओझं हलकं, हे त्या कप्पीनंच मला शिकवलं म्हणा ना.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठीही होता. मला त्यातलं आवडतं ते हे की कोड सगळ्यांच्या पुस्तकात एकच. आधी मुलाची जात ठरवा आणि मग कोड द्या, असं नाही.

आणि एक. माझ्या मते मोबाइल-टॅबमधलं सगळ्यात मोलाचं बटण म्हणजे 'थांबा' आणि 'पुन्हा'. फळा पुसला जातो, बाई पुढे जातात. व्हिडिओ थांबतो. सावकाश समजणाऱ्या मुलाला चारचौघांत हात वर न करता तेच दहादा ऐकता येतं. अर्थात घरात फोन असेल तर. करोनाच्या काळात आमच्या कित्येक घरांत फोन एकच होता आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जायचा. तेव्हा कसली आलीय शैली!

तर भाचीबाई, आता एआय येईल आणि तुझ्या लेकीचा आणखी देखणा रिपोर्ट काढून देईल. टॅब घ्यायचा तर खुशाल घे. पण आधी तिला शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, ते विचार. आणि डोळे तपासून आण. मग फोन कर.