डोंबिवलीच्या नावाची संख्या

निवासी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकालाही रात्रीच्या अभ्यासवर्गात सर्व विषयांच्या प्रश्नांना सामोरे जावे लागते. काही वर्षांपूर्वी सातवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्या डोंबिवलीचे नाव इतिहासात कुठे येते?" एम. ए. इतिहासात करूनही मला चटकन उत्तर सुचले नाही. पुढे ते सापडले, पण गणितात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात, तर पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात पद नाही. तरीही संख्यांचा त्यांचा ध्यास अखंड होता. एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा विचार त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचला, म्हणून स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो' म्हटले. उदाहरणार्थ २५५३. टोकांच्या २ आणि ३ यांची बेरीज ५, आणि मधले दोन्ही अंक ५.

याच कुळातील सर्वांत देखण्या संख्या मी फळ्यावर मांडल्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. असे करत नऊ एकांचा वर्ग आला: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. प्रत्येक उभ्या रांगेत जितके एक, तितका तिचा अंक. या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

त्याच विद्यार्थ्याने मग दहा एकांचा वर्ग केला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, मध्ये दोन शून्ये! वर्ग हसला. तो ओशाळून उत्तर पुसू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. माझ्या बालपणी एका शिक्षकांनी, उत्तर इतरांसारखे नाही एवढ्यावरून, न तपासताच माझी पाटी पुसली होती. त्यानंतर मी गणिताच्या वाटेला कधी गेलोच नाही.

आम्ही मिळून रांगा मोजल्या. मधल्या रांगेत दहा एक. शून्य खाली, हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा झाले. पुन्हा शून्य, हातचा एक. त्यापुढील आठाचे नऊ झाले. आकृतिबंध मोडला होता, गणित मुळीच चुकले नव्हते. वर्गाचे हसू थांबले.

कापरेकरांच्या कामाकडेही आपल्या देशातील अनेक गणितज्ञांनी दीर्घकाळ गांभीर्याने पाहिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचा हा शिक्षक जगाला माहीत झाला. माणसाचे पद पाहून त्याचे गणित बरोबर की चूक हे ठरत नाही. ते पडताळूनच पाहावे लागते.

पालकांना आणि आता स्वतः आई-वडील झालेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाचे उत्तर वेगळे आले, तर पुसायला सांगण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे आणि एकदा त्याचे हातचे तपासून पाहावेत.