पाटी ज्याने लावली, त्यानेच काढायची

पुण्याहून दौंडकडे जाताना हडपसर आणि मांजरी मागे पडले की लोणी स्टेशन येते. लोणी काळभोरच्या या भागात तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथल्या साईडिंगवर टाकीच्या वॅगनी पेट्रोल-डिझेलने भरतात आणि रेक बाहेरगावी रवाना होते. हडपसरला राहून मी तिकडच्याच एका डेपोत नोकरी केली. बरीचशी नोकरी वॅगन भरण्याच्या गँट्रीवर झाली. तिथे शिकलेली एक गोष्ट या कामात नव्याने येणाऱ्या पोरांना सांगावीशी वाटते.

रिकामी रेक आत लागायची, इंजिन सुटून जायचे. लगेच कोणी वॅगनवर चढत नसे. आधी हँडब्रेक आवळायचे, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावायचे. मग ज्या टोकाकडून इंजिन येऊ शकते, त्या टोकाला रुळांच्या मधोमध लाल पाटी उभी करायची : थांबा, वॅगन जोडलेल्या आहेत. रात्र असेल तर पाटीजवळ लाल दिवा. त्यानंतर अर्थिंगची तार जोडायची आणि सगळ्यात शेवटी वॅगनच्या माथ्यावरच्या डोमचे झाकण उघडायचे. या क्रमात अदलाबदल चालत नसे.

याचे कारण पेट्रोलच्या स्वभावात आहे. ते उंचावरून टाकीत पडले तर उसळते आणि त्यात स्थिर वीज साठते. म्हणून भरण्याचा पाइप टाकीच्या तळापर्यंत सोडतात आणि त्याचे तोंड बुडेपर्यंत धारेचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवतात. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेचाही तिच्यापुढे काही उपयोग नाही. ती हवेपेक्षा जड असते. वर उडून न जाता जमिनीलगत पसरत जाते आणि लांबवरची ठिणगीही तिला पुरते. पाइप आत असताना इंजिनाने रेकला नुसता धक्का दिला आणि वॅगन हातभर सरकली, तर पाइप वाकतो, तेल सांडते, अर्थिंगची तार तुटते आणि वर उभा असलेला माणूस खाली फेकला जातो. हे सगळे एका क्षणात होते.

एका पावसाळी रात्रीची गोष्ट. रेकच्या मागच्या वॅगनी भरून झाल्या होत्या, पुढच्या चालू होत्या. शंटिंगचा एक माणूस छत्री घेऊन आमच्या अण्णांकडे आला. अण्णा गँट्रीवरचे सर्वांत जुने कामगार.

“अण्णा, जरा पाटी बाजूला घेता का? मागच्या भरलेल्या काढून घेतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

“वर पोरगं आहे, पाइप आत आहे,” अण्णा म्हणाले. “पाटी मी लावलीय, मीच काढीन.”

तो चिडला. वरून फोन आला. वॅगन ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबली की डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लागते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई होती. अण्णा जागचे हलले नाहीत. शेवटची वॅगन भरली, पाइप वर आले, डोम बंद झाले, तारा सुटल्या. मग ते पावसात रेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः चालत गेले, प्रत्येक वॅगनवर नजर टाकली आणि तेव्हाच पाटी उचलली.

त्या वेळी वर असलेला पोरगा मीच होतो. खाली आल्यावर अण्णा मला म्हणाले, “अरे, ड्रायव्हरला तू दिसत नाहीस. त्याला फक्त पाटी दिसते.”

पुढे कामानिमित्त अमेरिकेतले नियम वाचायला मिळाले. तिथे अशी पाटी निळी असते, किमान 12 इंच उंच आणि 15 इंच रुंद, आणि त्यावर ‘थांबा’ या अर्थाचा शब्द किमान 4 इंच उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहावा लागतो. वॅगन बंद करून नळी सोडवेपर्यंत ती हलवता येत नाही. तिथल्या रेल्वे कामगारांमध्येही निळी खूण ज्या गटाने लावली, त्याच गटाने काढायची असा नियम आहे. अण्णांनी हे कुठे वाचले नव्हते. त्यांना ते कामातून कळले होते.

हँडब्रेकची शिस्तही अशीच. कॅनडातल्या लाक-मेगांटिक गावाजवळ कच्च्या तेलाची एक गाडी उतारावर उभी केली होती. तिचे पुरेसे हँडब्रेक लावलेले नव्हते. 6 जुलै 2013 च्या पहाटे ती आपोआप सुटली, गावात घसरून पेटली आणि 47 माणसे गेली.

तेलाच्या कामात दिसणाऱ्या प्रत्येक खुणेमागे असा एखादा जीव आहे. सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या टँकरवरचा 1203 हा आकडा म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल. लाल चौकटीतली ज्वाळा म्हणजे पेटणारा द्रव. अपघात झाला तर अग्निशमन दलाचे जवान पाणी मारायचे की फेस, हे टँकरच्या पाटीवरील संकेतावरून ठरवतात. म्हणून ती पुसट होऊ देऊ नये, चिखलाने झाकू देऊ नये.

साईडिंगवर नव्याने येणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे. डेमरेज भरता येते, माणूस परत आणता येत नाही. पाटी हलवायला कोणीही सांगितले, साहेबांनी सांगितले तरी, आधी जाऊन पाहा : वरचा माणूस उतरला का, पाइप निघाला का, डोम बंद झाला का. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच पाटीला हात लावा.