पाण्यावरचा वाटाड्या

वाचकहो, शनिशिंगणापूरला तुमच्यापैकी बरेचजण जाऊन आले असतील. उघड्या चौथऱ्यावरची ती काळी शिळा, तिच्यावर धरलेली तेलाची धार आणि कवाड नसलेली घरे तुमच्या डोळ्यांसमोर असतील. शिळा तिथे आली कशी, हे गावात कोणालाही विचारा. पानसनाल्याला मोठा पूर आला, त्या पुरातून ती वाहत आली, गुराख्याने काठीने टोचली तेव्हा तिच्यातून रक्त निघाले, असे सांगतात. म्हणजे देव आला तो पाण्याच्या वाटेने. आपण जातो मोटारीने, तेल वाहतो, आणि घोडेगावच्या फाट्यावरून घराकडे वळतो. तिथून तासाभराच्या रस्त्यावर प्रवरा गोदामाईला मिळते आणि पुढे थेट पैठणपर्यंत नाथसागर पसरलेला आहे, तो पाहायला फार थोडी माणसे जातात.

नदी आपण ओलांडतो, तिच्यात न्हातो, तिच्यावर मोटर बसवून उसाला पाणी देतो. पण नदीवर बसून चार दिवस मुलूख पाहायचा, हे काही आपल्या अंगवळणी पडलेले नाही. आफ्रिकेत झांबेझी नावाची नदी आहे, तिथे लोक याच कामासाठी साता समुद्रांपलीकडून येतात. खर्च विचाराल, तर चार दिवसांच्या पैशात एक चांगली दुभती गाय दावणीला यावी, विमानभाडे वेगळेच. तेव्हा आपण आपले कागदावरच जाऊन येऊ.

झांबेझीची लांबी सुमारे 2,700 किलोमीटर. झांबिया देशाच्या वायव्य कोपऱ्यात उगम, मोझांबिकमध्ये हिंदी महासागराला मिळणे. मधल्या वाटेवर व्हिक्टोरिया धबधबा, त्याच्या खाली करिबाचे मोठे धरण, आणि धरणाखाली ती रुंद, संथ होऊन वाहते. डाव्या काठाला झांबिया, उजव्याला झिंबाब्वे. चिरुंडूच्या पुलापासून माना पूल्सच्या अभयारण्यापर्यंत हा होडीचा प्रवास चालतो. ‘माना’ म्हणजे तिकडच्या शोना भाषेत चार. नदीने पात्र बदलताना मागे सोडलेले चार डोह तिथे आहेत. 1984 साली युनेस्कोने या रानाला जागतिक वारशाच्या यादीत घातले.

होडी म्हणाल तर साधी. तिला कॅनू म्हणतात. सतरा-अठरा फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती, दोन माणसे बसतील एवढीच. इंजिन नाही, शीड नाही. दोघांच्या हातात एकेक वल्हे. पुढच्याने वल्हवायचे, मागच्याने दिशा धरायची. तंबू, पीठमीठ, भांडी सगळे त्याच होडीत. प्रवाहाबरोबर जायचे असल्यामुळे दिवसाला वीसेक किलोमीटर सहज होतात. पावसाळा तिकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च. तो सरला की कोरड्या दिवसांत या सहली निघतात. सगळ्यांत पुढच्या होडीत वाटाड्या, आणि बाकीच्यांनी बैलगाड्यांच्या रांगेसारखे एकामागे एक जायचे. त्याच्या पुढे कोणी जायचे नाही, हा पहिला नियम.

कारण नदीत पाणघोडे असतात. चित्रातला तो गुबगुबीत, आळशी प्राणी बघून फसू नका. वजन दीड टनाच्या आसपास, आणि राग नाकावर. दिवसभर तो पाण्यात पडून राहतो, रात्री काठावर चढून गवत खातो. घाबरला की त्याला एकच सुचते, खोल पाणी गाठायचे. त्याच्या आणि खोल पाण्याच्या मधे तुमची होडी आली, की संपलेच. म्हणून तो डोहात असला तर वाटाड्या काठाकाठाच्या उथळ पाण्यातून होड्या नेतो. तोच जर काठावर ऊन खात बसला असेल, तर काठ सोडून लांबून जायचे, कारण आता तो धावत पाण्याकडे येणार.

वाटाड्या वल्ह्याने होडीच्या कडेवर टकटक करतो. आवाज ऐकून पाण्याखालचे पाणघोडे डोके वर काढतात. तो मोजतो. पाच डोकी होती, आता चारच दिसतात. मग तो थांबतो, आणि त्याच्यामागे सगळी रांग थांबते. पाणघोडा पाचेक मिनिटे श्वास धरून राहतो. पाचवे डोके कुठे निघते ते दिसेपर्यंत कोणी वल्हे हलवीत नाही. पाण्यात हात घालून बसायचे नाही, मगरी आहेत. दुपारी वारा सुटला, लाटा उठू लागल्या, की त्याने ‘काठाला’ म्हणायचे आणि सगळ्यांनी काठाला लागायचे. पैसे मोजलेत म्हणून हुज्जत चालत नाही. हा वाटाड्या परीक्षा देऊन परवाना मिळवलेला असतो.

रात्रीचा मुक्काम नदीतल्या बेटावर, वाळूत. तंबू ठोकण्याआधी पाणघोड्यांची चढण्याउतरण्याची वाट शोधायची आणि ती सोडून बसायचे. शेकोटीवर तिकडच्या लोकांचे जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि तिच्याबरोबर पालेभाजी किंवा मासे. आपल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. काठाच्या उभ्या दरडीत आपल्या वेड्या राघूच्या भाऊबंदांची, पण लालभडक रंगाची, शेकडो बिळे असतात.

एक झाड मात्र शेतकऱ्याने मुद्दाम पाहावे. नाव फेदरबिया, कूळ शेंगवर्गीय, बाभळीच्या नात्यातले. त्याची तऱ्हाच उलटी. पावसाळ्यात पाने गाळते, उन्हाळ्यात हिरवेगार. कोरड्या दिवसांत त्याच्या शेंगा हत्ती आवडीने खातात. माना पूल्सचे काही हत्ती तर मागच्या दोन पायांवर उभे राहून फांदी ओढतात. झांबियातले शेतकरी याच झाडाखाली मका पेरतात. पेरणीच्या वेळी झाडावर सावली नसते, पाला कुजून खत होते आणि मुळांवरच्या गाठी नत्र धरतात. बांधावरच्या झाडाने पीक बसते म्हणून कुऱ्हाड काढणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आता या देखाव्यामागची गोष्ट. करिबाचे धरण 1955 ते 1959 या काळात बांधले. त्यासाठी दोन्ही काठांवरच्या टोंगा जमातीच्या सुमारे 57,000 माणसांना नदीकाठची गाळाची जमीन सोडावी लागली. नदीत न्यामिन्यामी नावाचा देव राहतो, अंग सापाचे आणि तोंड माशाचे, अशी त्यांची श्रद्धा. भिंतीमुळे देवाची आणि त्याच्या बायकोची ताटातूट होणार, तो हे चालू देणार नाही, असे ते म्हणत. 1957 ला मोठा पूर आला, 1958 ला त्याहून मोठा, आणि बांधकामाचा बराच भाग वाहून गेला. तरी भिंत झाली. माणसे माळावर गेली. त्या पाण्यातून रानजनावरे सोडवायला मोठी मोहीम निघाली, तिची कीर्ती जगभर झाली. माणसांची तेवढी झाली नाही.

हे ऐकताना नेवासे, शेवगाव, गंगापूर, पैठणकडच्या वाचकांना वेगळे काही सांगायला नको. जायकवाडीची पायाभरणी 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी केली, 1976 ला इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. घरे, विहिरी, मळे फुगवट्याखाली गेले. काही गावे तिन्ही बाजूंनी पाण्यात राहिली. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेला जातात, ही बातमी 2023 साली आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. तिकडे हौशी पाहुण्याच्या अंगात तरंगते जाकीट आणि पुढे परवान्याचा वाटाड्या. इकडे दप्तर घेतलेल्या पोरापुढे कोण?

उजनीच्या पाण्यावर 21 मे 2024 ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहून काठाला आला, सहाजण गेले. हौसेची सहल नव्हती ती, नेहमीची ये-जा होती.

असे नाही की आपल्याकडे जाणते नाहीत. त्याच उजनीवर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार हिवाळ्यात पाहुण्यांना होडीत बसवून रोहित पक्षी दाखवतात. थवा कुठे उतरतो, होडी किती जवळ नेली की तो उडतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. नाथसागरही 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याच्या भोई माणसाला विचारा: कुठे जुन्या विहिरीचा काठ आहे, कुठे बुडालेल्या बाभळीत जाळे अडकते, आभाळाचा कोणता रंग दिसला की तराफा पाण्यात घालू नये. झांबेझीवर याच ज्ञानाला परवाना, पगार आणि मान आहे. आपल्याकडे त्याचे दाम होते ते टोपलीतल्या माशांच्या भावाने.

पुढच्या खेपेला डिसेंबर-जानेवारीत शिंगणापूरला गेलात, तर एक दिवस हाताशी ठेवा. भाकरी बांधून घ्या आणि सकाळी लवकर प्रवरासंगमला टोक्याच्या घाटावर उतरा. थंडीत पाहुणे पक्षी आलेले असतात. होडीत बसायचा मोह झाला, तर आधी जाकिटे आहेत का ते विचारा. नसली तर काठावरूनच पाहा. आणि नावाडी म्हणाला, “आज वारा आहे, नको,” तर त्याला दहा रुपये जास्त देऊ करू नका. त्याच्याजवळ घाटावर बसा, त्याच्याशी भाकरी वाटून खा, आणि त्याचे गाव कुठल्या पाण्याखाली आहे ते विचारा.