प्रवासाची दैनंदिनी, भाग ३ : सोलिमोइंसच्या पुरातले गाव

पहिला दिवस, तेफे

ब्राझीलच्या आमेझोनास राज्यातील तेफे हे नगर मानौस या राजधानीपासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर पश्चिमेला असून तेथपर्यंत एकही रस्ता जात नाही, त्यामुळे माणसे, तांदूळ, सिमेंट, औषधे आणि डिझेल हे सारे नदीवाटे किंवा विमानानेच येते. पेरूच्या सीमेपासून मानौसपर्यंतच्या अ‍ॅमेझॉनला ब्राझीलमध्ये सोलिमोइंस म्हणतात. या नदीतून प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या संथ बोटीला मानौसहून येथवर यायला सुमारे दोन दिवस लागतात, आणि उतारू आपापली कापडी झोळी तुळईला टांगून तिच्यातच झोपतात. तेफेचे जुने नाव एगा; इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८५०च्या दशकात चार वर्षांहून अधिक काळ येथे मुक्काम ठेवून कीटक आणि पक्षी जमवले.

दुसरा दिवस, गावाकडे

तेफेहून लहान बोटीने निघाल्यावर काही तासांत मामिराउआ राखीव क्षेत्राची हद्द लागते. सोलिमोइंस आणि जापुरा या दोन नद्यांच्या मधला हा त्रिकोणी प्रदेश ११,२४० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे गोव्याच्या सुमारे तिप्पट आहे, आणि तो जवळजवळ सगळाच 'वार्झेआ' प्रकारच्या अरण्याने व्यापलेला आहे. अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येणाऱ्या गढूळ नद्या दरवर्षी ज्या अरण्याला बुडवतात, त्याला वार्झेआ म्हणतात. येथे पाण्याची पातळी वर्षातून दहा ते बारा मीटर वरखाली होते, म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढी, आणि मे-जूनमध्ये ती सर्वाधिक असल्याने प्रवाशाला या भागात जमीन म्हणून काही दिसतच नाही. वाट विचारली तर उत्तर झाडांच्या आणि वळणांच्या खुणांनी मिळते.

गाव म्हणजे नदीकाठची पंधरा-वीस घरे, एक शाळा, एक प्रार्थनामंदिर आणि सायंकाळी काही तास चालणारे डिझेलचे जनित्र. काही घरे उंच खांबांवर उभी आहेत आणि काही तरंगती आहेत. तरंगत्या घराखाली असाकू या झाडाचे प्रचंड ओंडके असतात, जे हलके असूनही पाण्यात वर्षानुवर्षे टिकतात, आणि घर दोराने बांधलेले असल्याने ते नदीबरोबर चढते व उतरते. येथील लोकांना 'रिबेइरिन्यो', म्हणजे नदीकाठचे लोक, म्हणतात. आदिवासी पूर्वज, पोर्तुगीज वसाहतकार आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबराचा चीक गोळा करण्यासाठी ईशान्य ब्राझीलमधून आलेले दुष्काळग्रस्त मजूर, अशा तिघांचा त्यांच्यात वारसा आहे.

तिसरा दिवस, एक घर आणि एक कंद

खांबांवरच्या एका घरात यंदा पाणी फळ्यांच्या जमिनीला टेकले, तेव्हा घरातल्यांनी जमिनीच्या वर आडव्या दांड्यांवर दुसऱ्या फळ्या घालून नवी जमीन केली. हिला 'मारोंबा' म्हणतात, आणि पाणी आणखी चढले तर तीही उचलावी लागते, त्यामुळे छत मात्र माणसाच्या डोक्याकडे सरकत येते. घराबाहेर खांबांवर ठेवलेल्या एका जुन्या, फुटक्या होडीत माती भरून कांद्याची पात आणि कोथिंबिरीसारख्या वासाची एक पालेभाजी लावलेली होती. मातीच्या एका थराखाली केळीची सालपटे कुजत घातली होती, आणि घरातली मुलगी ओंजळीने नदीचे पाणी शिंपडत होती, कारण चहूकडे पाणी असताना या वाफ्याच्या मुळांना मात्र ते वरूनच द्यावे लागते. पुरात सगळे अंगण जाते, ही होडी तेवढी राहते.

रोजच्या जेवणाचा पाया मासा आणि 'फारिन्या' हा आहे. फारिन्या म्हणजे कसावाच्या कंदाचे भाजलेले दाणेदार पीठ, आणि हाच कंद भारतात साबुदाण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे एकादशीच्या ताटाचे मूळ याच खंडात आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. काजू आणि अननस ही नावेही येथील तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत मराठीत आली. कडू जातीच्या कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असल्याने तो तसाच खाता येत नाही. त्यासाठी कंद पाण्यात भिजवून, सोलून, किसून 'तिपिती'त भरतात. तिपिती ही ताडवर्गीय झाडाच्या पट्ट्यांची विणलेली लांब नळी असते, जी वरून टांगून खालून ओढली की आवळत जाते आणि विषारी रस गळून पडतो. उरलेला चोथा चाळून मोठ्या तव्यावर सतत हलवत भाजला जातो. पुराच्या भूमीवर कसावा सुमारे सहा महिन्यांत तयार होणाऱ्या जातींचाच लावावा लागतो, आणि पाणी अपेक्षेपेक्षा लवकर चढले तर कंद कोवळेच उपटावे लागतात. या गावात शेतीचे वेळापत्रक नदी ठरवते, आणि दिनदर्शिका भिंतीवर असली तरी माणसे खांबावरची पाण्याची खूण पाहून बोलतात.

चौथा दिवस, बुडालेल्या अरण्यात

सकाळी एका मासेमार गृहस्थासह प्रवासी होडीतून झाडांच्या शेंड्यांमध्ये शिरला. उन्हाळ्यात जेथे माणूस चालतो, त्या जागेवरून होडी जाते, आणि गेल्या वर्षीच्या पुराने खोडावर सोडलेली गाळाची रेघ कधी डोळ्यासमोर, तर कधी वल्ह्याखाली येते. तांबाकी नावाचा मासा या काळात झाडांखाली फिरून पाण्यात पडलेली फळे आणि रबराच्या झाडाची बी खातो, आणि त्याच्या पोटातून काही बिया दूरवर पसरतात.

याच अरण्यात लाल तोंडाची, आखूड शेपटीची पांढरी उआकारी माकडे राहतात. त्यांचा अभ्यास करणारे ब्राझिलियन प्राणिशास्त्रज्ञ झोझे मार्सिओ आयरेस (१९५४–२००३) यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला. त्या वेळी लागू झालेल्या प्रकारच्या संरक्षणात मनुष्यवस्तीला जागा नव्हती. १९९६ मध्ये मात्र याच प्रदेशासाठी 'शाश्वत विकास राखीव क्षेत्र' हा नवा प्रकार ब्राझीलमध्ये प्रथमच अमलात आला, आणि रहिवाशांना हुसकावण्याऐवजी अरण्य राखण्याचे काम त्यांच्याकडेच ठेवण्यात आले. हा निर्णय योग्य होता असे प्रवाशाचे मत आहे, आणि त्याचा पुरावा पिरारुकू माशाकडे आहे.

पिरारुकू तीन मीटरपर्यंत वाढणारा आणि हवेत श्वास घेणारा मासा असल्याने त्याला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते. या सवयीमुळे तो शिकाऱ्याला सहज सापडत गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक तळ्यांतून दिसेनासा झाला. त्याच सवयीचा उपयोग मासेमारांनी मोजणीसाठी केला: पाणी उतरले की जाणते मासेमार ठरलेल्या पट्ट्यात वीस मिनिटे स्थिर राहून वर आलेल्या प्रत्येक माशाची नोंद करतात, आणि आवाजावरून व पाठीच्या हालचालीवरून मोठा मासा कोणता हे ओळखतात. मोजलेल्या प्रौढ माशांपैकी जास्तीत जास्त तीस टक्के पकडायची परवानगी मिळते, दीड मीटरपेक्षा लहान मासा सोडून द्यावा लागतो, आणि तळ्यांवर रात्रीचा पहारा गावकरीच देतात. १९९९ पासून या पद्धतीने मासेमारी होणाऱ्या तळ्यांत पिरारुकूंची संख्या अनेक पटींनी वाढली आहे. पहाऱ्याचा खर्च आणि धोका मात्र अजूनही गावावरच येतो, आणि बाहेरून येणारे चोरटे मासेमार शस्त्र घेऊन येतात.

पाचवा दिवस, परतीची बोट

सायंकाळी तेफे सरोवरात बोट शिरली तेव्हा पाण्यावर गुलाबी डॉल्फिनची पाठ दोनदा दिसली. २०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुष्काळाने हे सरोवर इतके उथळ झाले होते की पाण्याचे तापमान ३९ अंश सेल्सियसच्याही वर गेले आणि येथे दोनशेहून अधिक नदीतले डॉल्फिन मेले; त्याच काळात अनेक गावांकडे जाणारे कालवे आटल्याने बोटी चिखलात रुतल्या आणि लोकांना पाणी व औषधे पायपीट करून आणावी लागली. जे गाव दरवर्षी दहा मीटर पाण्याला तोंड देते, त्याला पाण्याविना राहण्याचा अनुभव नव्हता. पाणीपातळीच्या नोंदी मानौसमध्ये १९०२ पासून ठेवल्या जात आहेत. त्या नोंदींतील सर्वांत उंच पाणी २०२१ मध्ये ३०.०२ मीटर एवढे होते, आणि सर्वांत खालचे २०२४ मध्ये, १२.७० मीटरच्या आधीच्या नीचांकापेक्षाही खाली, नोंदले गेले.