डब्यातला कोल्हा

न्यू जर्सीतल्या बहुतेक मराठी मंडळींनी साऊथ माउंटन रिझर्वेशन निदान गाडीतून तरी पाहिलेलं असतं. मुलांना टर्टल बॅक झूला नेताना शेजारी जे दाट रान दिसतं ना, तेच हे. मिलबर्न, मेपलवुड आणि वेस्ट ऑरेंज या गावांत पसरलेलं, दोन हजार एकरांहून मोठं. लोक तिथे फिरायला जातात, कुत्री फिरवतात. मी वर्षातून एकदा तिथे कोल्हा लपवायला जातो.

दचकू नका. आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या भाषेत कोल्हा म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर. एकाने तो रानात लपवायचा, बाकीच्यांनी हातातल्या अँटेनाने दिशा काढत शोधायचा. बहुतेकांची अँटेना घरचीच असते: सुताराच्या पोलादी टेपचे तीन तुकडे प्लॅस्टिकच्या पाइपवर बसवले की झालं काम. ती हातात धरून गोल फिरणारा माणूस लांबून वेडा वाटतो, हे कबूल. पण जिथे आवाज सर्वांत मोठा, ती दिशा. नकाशावर रेघ मारायची, दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेघ मारायची. रेघा छेदतील तिथे कोल्हा.

निदान पुस्तकात तरी असंच असतं. या डोंगराला ते मान्य नाही!

हा डोंगर आहे काळ्या बेसॉल्टचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला थेट खंडाळ्याचा घाट आठवला. तोच काळा पाषाण, तशाच पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा. इथले लोक याला ट्रॅप रॉक म्हणतात, आणि आपल्या दख्खनच्या पठारालाही भूगर्भशास्त्रात डेक्कन ट्रॅप म्हणतात. वयात मात्र फरक. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, हा वीस कोटींचा. म्हणजे आपला सह्याद्री याच्यापुढे पोरच.

या कड्यांवर दोन मीटर बँडच्या लहरी आपटतात आणि भलतीकडून परत येतात. लपवणाऱ्याची सगळी कला इथेच. कोल्हा उंचावर ठेवला तर सरळ रेषेत ऐकू येतो आणि अर्ध्या तासात सापडतो. हेमलॉक फॉल्सच्या खालच्या घळीत ठेवला की सिग्नल थेट बाहेर पडतच नाही. समोरच्या उतारावरून उलटून येतो आणि शोधणारे खुशाल त्या उतारावर चढत राहतात. अँटेना उभी न ठेवता आडवी ठेवली तर आणखी मजा. पण याला मर्यादा हवी. काही लोक इतकं क्रूर लपवतात की नवशिके परत येतच नाहीत. माझ्या मते कोल्हा सापडलाच पाहिजे, फक्त घामाशिवाय सापडू नये. तीन पानांच्या विषारी आयव्हीत तो ठेवायचा नाही, आणि जिथे पोहोचायला कड्यावर लोंबकळावं लागेल तिथेही नाही. गोचिड्या असतातच, त्यामुळे पायमोज्यांत पँट खोचून यायला सर्वांना बजावलेलं असतं.

आता डब्याबद्दल. जुने हॅम लष्करी गोळ्यांचा रिकामा पत्र्याचा डबा वापरतात. मजबूत असतो, पावसात भिजत नाही. मी तो वापरत नाही. 2001 च्या सप्टेंबरनंतर, सावळ्या रंगाचा, दाढी राखलेला एक माणूस सार्वजनिक बागेत झुडपाखाली हिरवा लष्करी डबा आणि त्यातून निघालेली तार ठेवतो आहे, हे चित्र कसं दिसेल ते मला कोणी सांगायला नको. आमच्या क्लबातल्या गोऱ्या आजोबांना हा प्रश्न पडत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, पण मला पडतो. म्हणून माझा कोल्हा सौभाग्यवतींच्या पोह्यांच्या पारदर्शक डब्यात राहतो. आत बॅटरी, पट्टी, वायर सगळं दिसतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: हौशी रेडिओची स्पर्धा, माझी कॉल साइन, फोन नंबर. परवानगीचं पत्र खिशात, आणि लायसन्सची प्रतही. एकदा एका पोलिसाने अडवलंच. त्याने पत्र दोनदा वाचलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती दोन मिनिटं बरीच लांब होती. मग म्हणाला, "लायसन्स मिळायला काय करावं लागतं?"

त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. पहिल्या पायरीच्या परीक्षेत 35 प्रश्न, त्यातले 26 बरोबर यावे लागतात. मोर्स कोडची अट 2007 मध्ये पूर्ण गेली. नागरिकत्व लागत नाही, वयाचीही अट नाही. आपल्या मंडळातल्या शाळकरी मुलांनी विचार करावा.

एक नियम मात्र गमतीचा आहे: लपलेल्या कोल्ह्यालाही दर दहा मिनिटांनी आपली कॉल साइन सांगावी लागते. लपायचं, पण नाव सांगत लपायचं! मला दरवेळी 1942 सालचं मुंबईतलं काँग्रेस रेडिओ आठवतं. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत जागा बदलत-बदलत ट्रान्समीटर चालवत होते. त्यांनाही नाव सांगायचंच होतं, पत्ता तेवढा द्यायचा नव्हता. पकडले गेल्यावर उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. आमच्याकडे पकडलं गेल्यावर कॉफी आणि डोनट मिळतं.

मागच्या खेपेला सासरे पुण्याहून आले होते. डबा मी एका ओंडक्यामागे ठेवला आणि नाना त्याच ओंडक्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले. डोक्यावर कानटोपी, मे महिन्यात. पहिली जोडी अँटेना फिरवत दहा फुटांवरून गेली. इतक्या जवळ सिग्नल इतका जोरदार असतो की सगळ्या दिशा सारख्याच वाटतात. त्यांनी नानांना "गुड मॉर्निंग" केलं, नानांनी मान डोलावली. मागून शाळेतली एक मुलगी आली. तिने अँटेना खाली ठेवली, नुसता रेडिओ छातीशी धरला आणि हळूहळू स्वतःभोवती फिरली. शरीराच्या आडोशाने आवाज ज्या बाजूला पडला, तिच्या बरोबर उलट दिशेला नाना बसले होते.

"आजोबा, जरा उठता का?" तिने इंग्रजीतच विचारलं. नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि सरकून तिला जागा दिली.